शहरातल्या सगळ्या शाळांत तंत्रज्ञान आणायचंय. आधी स्मार्ट बोर्ड घ्यावेत की टॅब?

आधी एक माणूस घ्या. स्कूटर असलेला.

चेष्टा करत नाहीये. बडोद्यात महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत मी बरीच वर्षं शिकवलं. आधी मराठी माध्यमात, मग मराठीची मुलं कमी होत गेली तशी गुजरातीत. आमच्याकडे २०१७ पासून ज्ञानकुंज आलं, म्हणजे गुजरात सरकारची डिजिटल वर्गांची योजना. सातवी-आठवीच्या वर्गात लॅपटॉप, प्रोजेक्टर, पांढरा बोर्ड आणि बोर्डावर पेन कुठे टेकलं ते टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा. वस्तू चांगली आहे. चंद्राच्या कला मी जन्मभर चेंडू आणि टॉर्च घेऊन शिकवल्या, निम्म्या वर्गाला कळायच्या. पडद्यावर चंद्र फिरताना दिसला आणि मागच्या बाकावरचा पोरगा आपणहून म्हणाला, "म्हणजे अर्धा नेहमीच उजेडात असतो!"

पण प्रोजेक्टर बोटभर सरकला की पेन टेकतं एकीकडे आणि रेघ उमटते चार बोटं बाजूला. वर्ग खिदळतो, बेन (म्हणजे बाई) घामाघूम, तासातली दहा मिनिटं गेलीच. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणीही मुकाट खडू उचलतं. आमचा एक बोर्ड दोन महिने 'बिघडलाय' म्हणून पडून होता. शेवटी एक माणूस आला, पडद्यावरच्या ठिपक्यांवर ओळीनं पेन टेकवत गेला, पाच मिनिटांत बोर्ड सुरू. ते आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं. (आम्हीही विचारलं नव्हतं, हेही खरं.)

म्हणून म्हणतो, दहा-बारा शाळांमागे असा एक जण नेमा. सोबत जादा केबल, जादा पेन. त्याचा पगार बजेटात आधी लिहा, उरलेल्या पैशांत बोर्ड. बोर्ड कमी आले तरी चालतील.

बडोद्याला हे तसं जुनंच आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या, मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर टाकणाऱ्या दिव्यावर, चित्रं दाखवली जायची. त्या काळचं ते स्मार्ट बोर्डच! पण पेट्या पाठवायला, परत आणायला पगारी माणसांचं स्वतंत्र ग्रंथालय खातं होतं. नुसत्या पेट्या वाटून महाराज मोकळे झाले नाहीत.

टॅबचं म्हणाल तर मला घाई दिसत नाही. वाचनात कच्च्या मुलांसाठी मी माझा साधा फोनच वापरायचो. मूल एक उतारा वाचणार, मी रेकॉर्ड करणार, मग दोघांनी ऐकायचं. एक मुलगी जोडाक्षर आलं की गिळून पुढे जायची. मी शंभरदा सांगून झालं होतं. स्वतःचा आवाज ऐकल्यावर तिनंच फोन थांबवला, म्हणाली, "सर, परत वाचते."

घरच्या फोनवर मात्र फार भिस्त ठेवू नका. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवर धडा उघडतो, हे सगळ्या पालकांना माहीत आहे. पण घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील रिक्षावर. रात्री नऊला फोन घरी येतो तेव्हा धाकटं झोपलेलं असतं. मी व्हिडिओ शाळेतच लॅपटॉपवर आदल्या दिवशी उतरवून ठेवायचो, म्हणजे नेट गेलं तरी तास अडायचा नाही.