आईंना कोणी विचारलं का?

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर आहे, वय ५८. गाव कराडजवळ, उपचारासाठी सध्या आमच्याकडे डोंबिवलीत असतात. परळला टाटात दर २१ दिवसांनी लाल केमो (लाल रंगाच्या औषधाची) असते, चारपैकी दोन झाल्या. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून नेतो. त्यांना फक्त गाठ आहे असं सांगितलंय, घरात कॅन्सर हा शब्द कोणी काढत नाही. मी रजा टाकून सूप, ज्यूस, नाचणीचं सत्त्व सगळं करते, पण दोन घास खाल्ले की ताट सरकवतात. बोलत पण नाहीत. फक्त गौरीला घरी जायचंय एवढंच धरून बसल्यात आणि हे म्हणतात यंदा विषयच नाही. आमचं कुठे चुकतंय?

उत्तर : करण्यात काही चुकत नाहीये गं, उलट तू जास्तच करतेयस. पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि त्यात सगळ्यांची मतं आहेत, तुझं, मिस्टरांचं, फक्त आईंना काय वाटतं ते कुठेच नाही.

आता लपवण्याचं बघ. कराडकडच्या गावात कोणाला नुसतं "टाटाला नेलंय" म्हण, पुढचं सांगावं लागत नाही. आणि त्या डब्यात चढलं की कोणीतरी विचारतंच, यांना काय झालंय, मग तुम्ही हॉस्पिटलचा कागद काढून दाखवता, कारण कॅन्सरच्या पेशंटला तिथे बसायची परवानगी आहे म्हणूनच तर तुम्ही तिथे बसता ना. आई शेजारीच असतात. त्यांना कळलं नसेल असं खरंच वाटतं तुला?

मी बरीच वर्षं केमोच्या डे केअरमध्ये सिस्टर होते. एक मावशी यायच्या, मुलगा बाहेर बिल भरायला गेला की मला जवळ बोलवून हळूच म्हणायच्या, सिस्टर मला माहितेय काय झालंय ते, पण पोराला सांगू नका मला माहितेय म्हणून, तो खचेल. आणि मुलगा दाराबाहेर मला सांगायचा, आईला कळू देऊ नका. दोघांच्या मधे मी! तुमच्या घरात हेच चाललं असेल तर त्या गप्प का, याचं उत्तर तिथेच आहे.

म्हणून एकदम निदान सांगायला बसू नकोस. दुपारी घरात कोणी नसताना विचार, आई, तुम्हाला या दुखण्याबद्दल काय वाटतं, आणखी काही जाणून घ्यायचंय का? आणि मग गप्प बस, पाच मिनिटं लागली तरी लागू दे, मधे टीव्ही लावू नको. नको म्हणाल्या तर तेही ऐकायचं. हो म्हणाल्या तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांसमोर त्यांनाच बोलू दे, हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात त्यांचीही मदत घे.

गौरीचं मात्र "विषयच नाही" म्हणून उडवू नका. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात, संसर्ग पटकन होतो, तेव्हा गर्दी नकोच. पुढच्या डोसच्या आधीच्या आठवड्यात बहुतेक वेळा बरं असतं. कॅलेंडर घेऊन डॉक्टरांना आत्ताच विचारा, कधीकधी तारीख थोडी मागेपुढे करता येते, पण ते त्यांनीच ठरवायचं, आपण घरी बसून नाही. गेलात तर थर्मामीटर बरोबर ठेवा. ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं, गाव असो की डोंबिवली.

आणि हेही विचार की त्यांना जायचंय म्हणजे नेमकं काय करायचंय. पुरण वाटायचंय, की फक्त मुखवटे मांडताना समोर बसायचंय? की केस गेलेत म्हणून हळदीकुंकवाला बायकांसमोर यायचंच नाहीये? लाल केमोत पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातातच, तू त्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाहीस. कदाचित त्या पदर घट्ट धरून बसत असतील आणि तुझ्या सुपाकडे त्यांचं लक्षच नसेल.

खाण्याचं म्हणशील तर तोंडाला धातूसारखी चव येते, स्टीलच्या ताटाऐवजी काचेची वाटी देऊन बघ. गरम जेवणाच्या वासाने मळमळतं, थोडं गार झालेलं, थोडं थोडं, दोन-दोन तासांनी. तोंड आलं असेल तर ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ. केमोनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते ती औषधाच्या रंगाने, हे त्यांना आधीच सांग, नाहीतर रक्त समजून घाबरतात आणि लाजेने बोलत नाहीत. शेजारणीने सांगितलेला पपईच्या पानांचा रस वगैरे डॉक्टरांना न विचारता अजिबात नको.

आणि तू सगळ्या रजा संपवू नकोस. तिसऱ्या केमोला मिस्टरांना एकट्याला आईंबरोबर पाठव. डोंबिवली ते परळ तासाभराचा प्रवास, मायलेक शेजारी बसतील आणि तिथे आईने विचारलं तर टाळायला तूही मधे नसशील.