झडप, तोटी की नुसता कॉक?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) तयार करायच्या प्रयोगाची कृती त्या मराठीत लिहीत आहेत. काचेच्या भांड्याच्या बुडाशी तीन नळ्यांचा कॉक असतो, त्याला ‘झडप’ म्हणावं का? शाळेच्या पुस्तकात हृदयाच्या व्हॉल्व्हला झडपच म्हटलंय.

म्हटलंय, आणि तिथे ते चपखल बसतं. झडप आपली आपण उघडते-मिटते. रक्ताचा रेटा आला की उघडली, उलटा फिरला की मिटली. लोहाराच्या भात्यात तेच, बाजाच्या पेटीतही तेच. तुमचा कॉक हाताने फिरवल्याशिवाय जागचा हलत नाही. तेव्हा झडप नको.

तोटी जवळची वाटते, पण तोटीतून पदार्थ बाहेरच पडतो. ब्युरेटला, म्हणजे द्रव थेंब-थेंब सोडायच्या मापनळीला, ती शोभते. इथे एकाच भोकातून वायू वर चढतो आणि द्रव खाली उतरतो.

रसायनशास्त्रज्ञ ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली मांडलेली पेप्टाइड बनवायची ही पद्धत (१९८४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याचसाठी मिळालं). रेझिनच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं. भांड्याच्या तळाशी सच्छिद्र काचेची चकती असते, तिच्यावर मणी राहतात. कॉक एका बाजूला वळवला की नायट्रोजन चकतीतून बुडबुडत वर येतो आणि मणी घुसळून काढतो. दुसऱ्या बाजूला वळवला की वापरलेलं डीएमएफ (मणी धुवायचं द्रावक) व्हॅक्यूम खाली ओढून घेतो. घुसळायला चुंबकी दांडी का नाही? ती मणी भरडते, आणि भुगा चकतीत जाऊन बसतो.

कॉकच्या फिरत्या खुंटीला टी-आकाराचं भोक असतं. पाव-पाव फेरा दिला की कधी तिन्ही वाटा एक होतात, कधी त्यांतल्या कुठल्यातरी दोनच. म्हणूनच ‘कॉक उघडा’ हे वाक्य इथे निकामी आहे. कुठे उघडा? मला तर नावापेक्षा क्रियापद महत्त्वाचं वाटतं. शेतात पाणी देणारा माणूस वाफा भरला की दारं मोडतो: इकडची माती काढून तिकडे लावतो, पाणी थांबत नाही, नुसतं वळतं. तुमच्या कॉकचं काम हेच. ‘दारं मोडा’ असं प्रयोगवहीत लिहू नका, काचेचा खर्च वाढेल. ‘कॉक नायट्रोजनकडे वळवा’, ‘कॉक व्हॅक्यूमकडे वळवा’ असं लिहा. नाव ‘तीनतोंडी कॉक’. कॉक हा शब्द ठिबकच्या नळीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत मराठीत मुरलेला आहे, त्याचा संकोच कशाला?

तुमच्या मसुद्यातलं ‘द्रावकाचा निचरा करा’ही बदला. निचरा आपल्या वजनाने होतो. इथे व्हॅक्यूम लावलाय, तेव्हा ‘ओढून घ्या’. आणि नुसतं डीएमएफ असेल तर ते द्रावक. त्यात २० टक्के पिपरिडीन मिसळलं की द्रावण. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर धुण्याची आणि संरक्षक गट (अमिनो आम्लाचं एक टोक तात्पुरतं झाकणारा) काढण्याची पायरी वाचणाऱ्याला एकच वाटेल.

जाता जाता, ‘नायट्रोजन बंद करा’ हे वाक्य कुठे ठेवताय तेही पाहा. विद्यार्थी असताना मी कॉक तसाच ठेवून आधी सिलिंडर बंद केला. वरचं सगळं डीएमएफ शांतपणे वायूच्या नळीत उतरलं. नळी सुकवण्यात दुपार गेली. म्हणून आधी ‘वळवा’, मग ‘बंद करा’.