लोशन लावलं तरी उवा परत कशा?

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. उवा झाल्या म्हणून मेडिकलमधून परमेथ्रिनचं लोशन आणून लावलं, डोकं साफ झालं. पण आठ-दहा दिवसांत परत खाजवायला लागली. बाटलीवर तर उवा-लिखा दोन्ही जातात असं लिहिलंय! हे लोक टेस्ट तरी कसं करतात?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, लिख फुटायला साधारण ७ ते १० दिवस लागतात आणि परमेथ्रिन हिंडणारी ऊ मारतं, लिखांचं फारसं काही बिघडवत नाही, त्यामुळे तुमचा हिशेब बरोबर जुळतोय. (काही उवा तर परमेथ्रिनलाही दाद देत नाहीत, ते वेगळंच.)

टेस्टचं म्हणाल तर उवांवरच्याच दुसऱ्या एका औषधाचं, आयव्हरमेक्टिन ०.५ टक्के लोशनचं बघा, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रायलचे आकडे आले, ७६५ जण होते, काहींना खरं लोशन आणि काहींना तसंच पण औषध नसलेलं, घरीच एकदा लावायचं, १० मिनिटांनी धुवायचं आणि लिखांची फणी अजिबात फिरवायची नाही, नाहीतर उवा औषधाने गेल्या का फणीने हे कसं कळणार! दुसऱ्या दिवशी औषधवाल्यांतले ९४.९ टक्के साफ, आठव्या दिवशी ८५.२ आणि पंधराव्या दिवशी ७३.८. बिनऔषधवाले पंधराव्या दिवशी १७.६. म्हणजे एकाच बाटलीवर ९५ पण छापता येतं आणि ७४ पण, मी तरी पंधराव्या दिवसाचाच आकडा बघते. त्यातही गंमत अशी की हे औषध लिख मारतच नाही, लिख फुटते पण पिल्लाला रक्त ओढता येत नाही म्हणून ते मरतं.

लिखांचं वेगळं तपासतात. लॅबमध्ये केसासकट लिखा औषधात बुडवून, धुवून, उबेत ठेवतात आणि किती फुटल्या ते मोजतात, सोबत नुसत्या पाण्यातल्या लिखाही ठेवतात कारण काही तशाही फुटत नाहीतच.

तुम्ही पहिल्यांदा लावल्यापासून नवव्या दिवशी पुन्हा लावायला हवं होतं, आता जिवंत ऊ दिसत असेल तर लगेच लावा, त्याआधी केस धुताना कंडिशनर नको, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी बघा. टाळूपासून पाव इंचाहून लांब चिकटलेल्या लिखा बहुतेक रिकाम्याच असतात, त्यांच्यापायी पुन्हा औषध नको. रॉकेल तर नकोच नको. एवढं करूनही हिंडणारी ऊ सापडली तर तेच लोशन तिसऱ्यांदा न आणता स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.