होहचं ट्रेल आई-बाबांना झेपेल, पण दुपारी जाऊ नका

तुमचा प्रश्न असा: आई-बाबा सिअ‍ॅटलला आलेत, दोघंही सत्तरीपुढचे, बाबांचे गुडघे दुखतात, ऑलिंपिक नॅशनल पार्कमधल्या होह रेनफॉरेस्टचं 'हॉल ऑफ मॉसेस' ट्रेल झेपेल का? ट्रेलपुरतं उत्तर सोपं आहे. झेपेल. पण खाली तुम्ही 'ऑगस्टमधल्या शनिवारी, जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचू' असं लिहिलंय ते वाचलं आणि राहवलं नाही. आमचाही अगदी हाच बेत होता.

बूट, पाणी, जॅकेट वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

होहला जाणारा रस्ता एकच. हायवे १०१ सोडला की साधारण १८ मैल आत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. आतलं पार्किंग भरलं की गेटवर एक गाडी बाहेर आली तर एक आत, असा हिशेब सुरू होतो. उन्हाळ्यात दहा-साडेदहापासून संध्याकाळपर्यंत हेच चालतं. दोन-दोन तास ताटकळावं लागतं. मोबाइलला रेंज नाही, रांगेत बाथरूम नाही.

आम्ही निघण्याआधी एका पर्यटन माहिती कार्यालयात मुद्दाम चौकशी केली होती. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे, दुपारी पोहोचलो तर थांबावं लागेल का, असं सरळ विचारलं. काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, "पार्क चोवीस तास उघडं असतं." म्हटलं, पार्किंग मिळेल का? "पार्किंग आहे ना!" आणि खायला? "आत सगळी सोय आहे." मग नकाशावर पेनने ट्रेलभोवती एक गोल काढून दिला. पहिली दोन उत्तरं शब्दाला शब्द खरी, आणि उपयोग शून्य. तिसरं साफ खोटं. आत व्हिजिटर सेंटर आहे, बाथरूम आहे, पण जेवण मिळत नाही. फोर्क्स गावात मिळतं, आणि ते तिथून जवळजवळ तासाभरावर.

त्या भरवशावर आम्ही डबा घेतला नव्हता. रांगेत दीड तास झाल्यावर आप्पांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. सासूबाईंच्या पर्समध्ये राजगिऱ्याची चिक्की निघाली म्हणून निभावलं. जरा सावरल्यावर आप्पा म्हणाले, "जंगल राहू दे गं, आधी मुतारी दाखव." घरी आल्यावर त्या कार्यालयाला सविस्तर मेल लिहिला. उत्तरात तोच नकाशा आला, पीडीएफ करून. असो.

तर माझं मत (मी डॉक्टर नाही, पार्कवालीही नाही): सकाळी आठच्या आत गेट गाठा, नाहीतर पाचनंतर जा. ज्येष्ठांना घेऊन सिअ‍ॅटलहून पहाटे निघायचं म्हणजे त्यांचे हाल, गाडीचाच रस्ता चार तासांचा. आदल्या रात्री फोर्क्सला मुक्काम करा, पेट्रोलही तिथेच भरा. आठवड्याचा मधला वार निवडल्याने ऑगस्टमध्ये फार फरक पडत नाही, लोक उगाच सांगतात. निघायच्या दिवशी रस्ता चालू आहे ना, ते पार्कच्या वेबसाइटवर बघा. डिसेंबर २०२४ मध्ये होह नदीने रस्त्याचा तुकडाच खाल्ला होता, तो थेट मे २०२५ मध्ये सुरू झाला.

आता गुडघ्यांबद्दल. हॉल ऑफ मॉसेस जेमतेम १.३ किलोमीटर. छोटा पूल ओलांडला की थोडा चढ लागतो, तेवढाच काय तो त्रास. पुढे सपाट. तेही नको असेल तर 'स्प्रूस नेचर ट्रेल' करा. ते १.९ किलोमीटर आहे, पण चढ नसल्यासारखाच. लोक हॉल ऑफ मॉसेसमध्ये फोटो काढून पळतात, म्हणून इथे गर्दी कमी. नदीही दिसते. आडव्या पडलेल्या जुन्या खोडावर स्प्रूस-हेमलॉकची रोपं ओळीने उगवलेली असतात. खालचं खोड कुजून गेलं की ती झाडं मुळांच्या पायांवर उभी राहतात आणि मधून आरपार दिसतं. आप्पा तिथे वाकून बघत बसले ते उठेनात.

मेपलच्या फांद्यांवर शेवाळाच्या गोधड्या लटकतात, त्याने झाड मरत नाही, उलट झाड फांदीतूनच त्या शेवाळात मुळं सोडतं. हे १९८१ मध्ये मांडलं नलिनी नाडकर्णी यांनी. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत आलेले. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी प्रत्येक मेपलपाशी थांबून वर बघितलं. एक सूचना, ऑगस्टमध्ये हेच शेवाळ जरा वाळकं, पिवळट दिसतं. वर्षाचा साडेतीन मीटर पाऊस बहुतेक हिवाळ्यातच पडतो. ("आंबोलीत याच्या दुप्पट पडतो," हे वाक्य तुमच्याकडेही ऐकायला मिळेल, तयारी ठेवा.) मे किंवा ऑक्टोबर जमत असेल तर तोच धरा.

आणि खरं सांगू? ऑगस्टचा शनिवारच हवा असेल तर होह सोडा, क्विनॉल्टला जा, तेही होहसारखंच रेनफॉरेस्ट, तळ्याकाठचं. ऑलिंपिया-अ‍ॅबर्डीनमार्गे जायचं, फेरीबोट नाही, गेटची रांग नाही. तळ्याच्या दक्षिणेला रेनफॉरेस्ट नेचर ट्रेल आणि उत्तरेला मेपल ग्लेड, दोन्ही साधारण ८०० मीटरची. मेपल ग्लेड तर अगदी सपाट. तळ्याकाठी १९२६ मधलं लॉज आहे, तिथे बसून जेवता येतं, बाथरूम आहे. होहचं नाव मोठं, पण सत्तरीतल्या माणसाला नावाशी काय करायचंय? हे अर्थात माझं मत. इथले काही जण मला फाडून खातील.

होहलाच जायचं ठरलं तर गाडीचा ३० डॉलरचा पास ७ दिवस चालतो, तो टाकून देऊ नका. त्याच पासावर परतताना हरिकेन रिज हा पार्कातलाच डोंगरमाथा बघून होतो. तिथेही डबा न्या, तिथलं लॉज मे २०२३ मध्ये जळालंय.