भुवयांमधल्या दोन रेघा

प्रश्न : माझं वय ४८. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या पडल्यात, फोटोत मी कायम चिडलेली दिसते. आमच्या पार्लरवाल्या ताई केसांचं बोटॉक्स करतात. त्या म्हणतात, कपाळाचंही स्वस्तात करून देते, लग्नाच्या आठवड्यात या. करू का? तुम्ही स्वतः केलंय असं ऐकलं.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. भुवयांमध्ये बोटॉक्स या औषधाची इंजेक्शनं दोनदा घेतली. पहिल्यांदा फसलं, म्हणून आधी तेच सांगते.

डोंबिवलीत पार्लर चालवायला लागून मला २२ वर्षं झाली. थ्रेडिंग म्हणजे दोऱ्याचं एक टोक दातात, मान खाली आणि डोळे बारीक करून एकेक केस हेरायचा. दुसऱ्यांच्या भुवया कोरता कोरता माझ्याच भुवयांमध्ये दोन रेघा कोरल्या गेल्या. क्रीम, सीरम सगळं लावून झालं (विकतेच ना मी!). शेवटी ४७व्या वर्षी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

त्यांनी आठ्या घालायला लावल्या, पांढऱ्या पेन्सिलीनं पाच ठिपके काढले आणि प्रत्येक ठिपक्यात ४ युनिट, असं एकूण २० युनिट औषध दिलं. मुंगी चावल्यासारखं वाटलं, बस. निघताना बजावलं, चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. आणि मी संध्याकाळी तोंड धुताना सवयीनं दोन्ही अंगठे भुवयांवरून दाबत कानशिलापर्यंत नेले! २२ वर्षांचा फेशियलचा हात, तो कुणाचं ऐकतो?

पाचव्या दिवशी रेघा पुसट झाल्या. आठव्या दिवशी काजळ घालायला आरशासमोर गेले, तर उजवी पापणी अर्धी मिटलेली. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं होतं. चोळल्यामुळेच झालं असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. सुईची जागा जरा चुकली तरी असं होतं. डोळ्यात घालायला थेंब दिले, बाकी वाट बघायची. पाच आठवडे गिऱ्हाइकं विचारत होती, ‘‘ताई, झोप झाली नाही का?’’ वर कपाळ असं गुळगुळीत, की हाताखालच्या मुलींना मी चिडलेय हेच कळेना. एकीनं वॅक्स करपवलं, मी रागानं बघितलं, तर ती हसलीच.

हे औषध रेघ भरत नाही, ते काम फिलरचं, म्हणजे त्वचेखाली सुईनं भरायच्या जेलचं. हे मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, म्हणून स्नायू आखडत नाही. तीन-चार दिवसांनी असर दिसू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. गंमत म्हणजे १९८७च्या सुमारास कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारावर हे देत होत्या, तेव्हा आठ्या जातात हे लक्षात आलं. मिटलेल्या पापण्या उघडायला दिलेलं औषध, आणि माझी उघडी पापणी त्यानंच मिटवली!

आता तुमचं. लग्नाच्या आठवड्यात अजिबात नको. करायचंच तर ऑक्टोबरात करा. काही बिघडलं तर निस्तरायला वेळ राहील आणि असर डिसेंबरात टिकून असेल. केसांच्या बोटॉक्समध्ये हे औषध नसतंच, ती नुसती केसांची ट्रीटमेंट. नाव सारखं म्हणून गल्लत होते. सुई डॉक्टरांच्याच हातात हवी. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण सुईला हात लावत नाही. औषधाची कुपी तुमच्यासमोर काढायला सांगा, कंपनी आणि मुदत वाचा, किती युनिट ते विचारा. एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाइतकं नसतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भाव करू नका. स्नायूंच्या दुबळेपणाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि आठ्या न घालताही रेघ खोल दिसत असेल, तर ती मऊ होईल, नाहीशी होईलच असं नाही.

दुसऱ्या वेळी मी त्या संध्याकाळी तोंड धुताना नवऱ्याला पहाऱ्याला उभं केलं होतं. सगळं नीट झालं. त्यानंतर वर्षभर काही घेतलेलं नाही. रेघा परत आल्यात, आणि पार्लरमधल्या मुली पुन्हा वेळेवर येतात.