हसतोय ना, मग दुखतंय कुठे?

"मॅडम, ह्याला खरंच दुखतंय की नाटक करतोय?" हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागतो की आता पालक खुर्चीवर बसायच्या आधीच कळतं.

एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. सात वर्षांचा मुलगा, हाताचं प्लास्टर निघालेलं, एक्सरे नीट, पण व्यायामाचं नाव काढलं की रडारड. बाबा वैतागलेले. "कार्टून लावलं की मस्त हसतो, आणि व्यायामाच्या ठिकाणी किती दुखतं ते दाखवायचं चेहऱ्यांचं कार्ड पुढे केलं तर दर वेळी पहिल्याच चेहऱ्यावर बोट. म्हणजे दुखत नाहीच ना?"

मी ते कार्ड मागवून बघितलं. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडका. मुलाला विचारलं, हाच का रे? तो आधी आईकडे बघून घेतो आणि मग बोट ठेवतो! मग आईबाबांना बाहेर बसवलं, परत विचारलं. जरा वेळ गप्प, मग हळूच म्हणाला, "हा दाखवला की आई रडत नाही."

खरं सांगू, त्या क्षणी लक्षात आलं, तीन भेटी सगळे त्याचा चेहरा वाचत बसलो होतो आणि तो मात्र आईचा वाचत होता. मी पहिल्यापासून घराकडे बघून काम करणारी, एकट्या मुलाकडे बघून नाही, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला नाही.

मग दुसरं कार्ड काढलं, २००१ सालचं, सहा चेहरे, त्यात हसू नाही की अश्रू नाहीत, साधारण चार वर्षांपुढच्या मुलांना चालतं. त्याला सांगितलं, आनंदी की दुःखी ते नको, फक्त किती दुखतं ते दाखव. बोट चौथ्यावर. चेहऱ्यांना ओळीने ०, २, ४ असे १० पर्यंत गुण, म्हणजे १० पैकी ६.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग कार्टून बघताना?" अहो, लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं खरंच कमी जाणवतं, ते नाटक नव्हे. शिवाय बरेच दिवसांच्या दुखण्यात चेहरा हळूहळू नेहमीसारखा दिसायला लागतो. तान्ह्या बाळाचं वेगळं, कपाळावर आठी, डोळे घट्ट मिटलेले, नाकापासून ओठापर्यंत खोल घडी, तोंड उघडं, हे सगळं एकदम दिसतं कारण लपवायला अजून शिकलेलं नसतं. तरी दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांसाठी निरीक्षणाची जी 'फ्लॅक' पद्धत वापरतात, तिच्यात चेहऱ्याला १० पैकी फक्त २ गुण. बाकीचे पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतं का याला. सांगता येणाऱ्या मुलाला मात्र आधी विचारा, आणि विचारताना तुमचा चेहरा सांभाळा. "काही नाही झालं" म्हणू नका, "कुठे दुखतंय, दाखव" म्हणा. दुखणं वाढत चाललं, सूज किंवा ताप आला तर चेहरे मोजत बसू नका, डॉक्टरकडे जा.

व्यायाम घेणाऱ्या ताईंनी ६ ऐकून वेग कमी केला. परवा आईचा फोन, कार्टून चालू असतानाच ह्याने स्वतःहून कार्ड मागितलं आणि दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, तिच्याकडे न बघता.