वास घ्या बिनधास्त, पण थेंब मोजूनच!

अरोमाथेरपीवर या महिन्यात भरपूर पत्रं आली. बरेच प्रश्न सारखेच होते, म्हणून त्यातले सहा निवडलेत.

प्रश्न : वाढदिवसाला मैत्रिणींनी डिफ्युझर (हवेत वास पसरवायचं यंत्र) आणि वासाच्या तेलाच्या तीन बाटल्या दिल्यात. अरोमाथेरपी म्हणजे नक्की काय असतं? आपलं अत्तर नि उदबत्ती काय वेगळी? (एक वाचक भगिनी, राजारामपुरी)

ताई, फुलं, पानं, साल, मुळं यांच्यातलं वासाचं तेल बहुतेक वेळा वाफेवर काढतात आणि संत्रं-लिंबाचं साल दाबून काढतात, ते झालं इसेन्शियल ऑइल. ते हुंगून किंवा साध्या तेलात पातळ करून अंगाला लावून बरं वाटून घ्यायचं म्हणजे अरोमाथेरपी. हा शब्द रूढ केला गॅटफॉसे नावाच्या फ्रेंच केमिस्टनं, त्याचं त्यावरचं पुस्तक १९३७ सालचं. वासानं मन शांत होणं आपल्याला नवीन नाहीच, वाळ्याचे पडदे आपल्याकडे कधीपासूनचे आहेत, पण इथं फरक आहे तो तीव्रतेचा. किलोभर गुलाबाचं तेल काढायला काही टन पाकळ्या लागतात, मग त्या एका थेंबात किती काय साठलेलं असेल बघा! म्हणून "नॅचरल आहे, काय होतंय" असं म्हणून हात सैल सोडायचा नाही.

डिफ्युझरमध्ये १०० मिली पाण्याला ३ ते ५ थेंब बास झाले. अर्धा-पाऊण तास चालवा, मग बंद करा, खिडकी थोडी उघडी असू द्या. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना विचारल्याशिवाय लावूच नका, अशा वासानं दमा उठू शकतो. लव्हेंडरनं थोडी धाकधूक कमी होते, झोपेला बरं पडतं असं काही अभ्यासांत दिसलंय, फायदा छोटा आहे पण आहे. मात्र त्याच्या भरवशावर बीपीची गोळी बंद केली असं कुणी सांगितलं तर त्यांना आजच्या आज डॉक्टरांकडे घेऊन जा.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, पावसानं सारखी सर्दी होते. सासूबाई म्हणतात खोबरेलात कापूर घालून छातीला चोळ, आणि उशीवर नीलगिरीचा थेंब टाक. करू का? (एक आई, कसबा बावडा)

नको गं बाई, दोन्ही नको. सासूबाई प्रेमानंच सांगतायत, पिढ्यान्‌पिढ्या घराघरात हेच चालत आलंय, त्यामुळं त्यांच्याशी भांडू नको, पण हे त्यांना शांतपणे वाचून दाखव. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर लावायचा नाही, कारण तो त्यांच्या पातळ कातडीतून आत जातो आणि झटके येऊ शकतात. नीलगिरी, पुदिना, मेंथॉल असलं काही तान्ह्याच्या नाकाजवळ नेलं तर श्वासाची वाट एकदम आकसू शकते. मोठ्या माणसाला नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेच बाळाला धोक्याचं ठरतं. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात तीसुद्धा काढून ठेव.

त्यापेक्षा मेडिकलमध्ये सलाइनचे नाकाचे थेंब मिळतात ते दूध पाजायच्या आधी घाल, पाजताना बाळाला थोडं उभं धर. बाळ दूध पिईना, छाती आत ओढली जाते किंवा श्वास जोरात चाललाय असं दिसलं तर वाट बघत बसू नको, थेट दवाखाना गाठ.

आणि देवघरातला कापूर! वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात आणि रांगतं पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं, काही मिनिटांत झटके सुरू होऊ शकतात. डबी वरच्या फळीवर, घट्ट झाकणाची. नीलगिरीच्या बाटलीचंही तेच, चमचाभर तेल पोटात गेलं तरी लहान मूल बेशुद्ध पडू शकतं. असं झालंच तर उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही, बाटली सोबत घ्यायची आणि १०८ला फोन लावायचा किंवा सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पळायचं.

प्रश्न : मी तालमीत मेहनत करतो. गुडघे आणि खांदे लई दुखतात. गंधपुऱ्याचं तेल रोज भरपूर चोळून वर गरम पट्टा बांधला तर लवकर आराम पडेल का? (एक पैलवान, गंगावेश)

भावा, हे मनावर घे. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. त्याचं एक चमचा शुद्ध तेल म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसपेक्षा जास्त गोळ्या झाल्या. ते कातडीतून रक्तात जातं, आणि मेहनतीनं अंग तापलेलं असताना चोळलं, वर गरम पट्टा बांधला की अजून जास्त जातं, शिवाय कातडी भाजते ती वेगळीच. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये १७ वर्षांची एक धावपटू मुलगी गेली, तिच्या अंगात हेच द्रव्य प्रमाणाबाहेर साठलं होतं, दुखण्यावरची मलमं भरमसाठ वापरल्यामुळं.

म्हणून शुद्ध तेल कधीच नाही. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली तिळाच्या तेलात ६ थेंब घाल, दुखतंय तेवढ्याच जागी लाव, अंग निवल्यावर लाव, वर पट्टा नको. कानात कुई आवाज यायला लागला, मळमळायला लागलं तर लगेच साबणानं धुऊन टाक आणि दवाखान्यात जा. वस्तादांनाही सांग, तालमीत बाटली सगळ्यांत फिरते. घरात कुणी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेत असेल किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांनी याच्या वाटेला जायचंच नाही.

प्रश्न : मोबाईलवर बघितलं, लेमन ऑइलचे दोन थेंब कोमट पाण्यात घेतले की वजन उतरतं. खरं का? (एक वाचक, शाहूपुरी)

नाही. वजन उतरत नाही, आणि तेल पाण्यात विरघळत नसल्यामुळं थेंब तसाच तरंगत घशाला लागतो आणि पोळतो. पाण्यात लिंबू पिळा की सरळ! आणि दाबून काढलेलं लिंबाचं तेल चेहऱ्याला लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग पडतात, तेही टाळा.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत दीडशे रुपयांत चंदनाचं तेल मिळालं. अस्सल असेल का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

त्या किमतीत अस्सल चंदन येत नाही हो. गुलाब, चंदन, लिंबू, लव्हेंडर सगळ्यांचा भाव एकच असेल तर तिथंच शंका घ्यायची. बाटली काळपट काचेची हवी, त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी. नुसतं 'फ्रेग्रन्स' लिहिलं असेल तर ते वासाचं केमिकल. नीलगिरी किंवा लव्हेंडरसारखं हलकं तेल असेल तर कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी उजेडात धरून बघा. तेलकट डाग तसाच राहिला असेल तर त्यात साधं तेल मिसळलंय. चंदनासारख्या जड तेलाला ही परीक्षा चालत नाही, आणि हुशार भेसळ यातूनही सुटते, पण स्वस्तातली चोरी सापडते.

कुठलंही नवीन तेल आधी पातळ करून कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. जुनी, उघडी राहिलेली बाटली अंगाला लावू नका, हवा लागून बिघडलेल्या तेलानं अ‍ॅलर्जी जास्त होते आणि एकदा धरली की ती सहसा जात नाही.

प्रश्न : मांजराच्या गोचिडांवर टी ट्री ऑइल चालेल का? (एक वाचक, रंकाळा परिसर)

अजिबात नाही, मांजराला ते विषासारखं बाधतं. त्यांचं लिव्हर असली द्रव्यं पचवू शकत नाही आणि अंग चाटताना ते पोटातही जातं. आधीच लावलं असेल तर सौम्य साबणानं धुवा, आणि लाळ गळते, पाय लटपटतात असं दिसलं तर तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.